घणाखाली

घणकऱ्याला जाग आली की पाठोपाठ त्याचा उजवा हातही जागा व्हायचा. झोपेत तो छातीवर गुमान पडलेला असायचा. डोळे उघडले की खांद्यापासून उसळायचा, भिंतीवर आपटायचा, उशाचा तांब्या उडवायचा, आणि काहीच सापडलं नाही तर नुसती बोटं वळवळत राहायची. घणकरी मग डाव्या हातानं तो पकडून मांडीखाली घालायचा आणि त्यावर बसून राहायचा. थोडा वेळ बरं चालायचं. कुणी दारात आलं, कुणी दोन शब्द विचारले, की हात मांडीखालून निसटून विचारणाऱ्याच्याच अंगावर जायचा.

थोरली चुलीपुढून हे रोज बघायची. घरातली मोठी सून म्हणून ती थोरली. तिला नवऱ्याची दया येत नव्हती. यायला हवी असं घरादाराला वाटत होतं, ती येत नाही म्हणून सगळे तिच्यावर धुसफुसत होते, आणि ती सगळ्यांवर.

त्या सकाळी ती त्याला भरवत होती. डाव्या हातानं तो जेवायचा, पण अर्धं सांडायचं, आणि म्हातारीला, म्हणजे त्याच्या आईला, ते बघवायचं नाही. "पोरगा सांडत-लवंडत जेवतो आणि बायको ढिम्म बसून बघते," असं ती शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायची. म्हणून भरवणं. चार घास झाले असतील नसतील, उजवा हात आला तो थेट थोरलीच्या तोंडावर. ताट पालथं झालं. दात ओठात रुतला.

"लागलं का?" घणकऱ्यानं विचारलं. पडल्यापासून त्याची जीभ जड झाली होती, शब्द ओले ओले यायचे.

उत्तर म्हातारीनंच दिलं. "लागलं तरी तो काय करणार? त्याच्या ताब्यात आहे का ते? डॉक्टरनं सांगितलंय ना."

डॉक्टरनं सांगितलं होतं, ते खरंच होतं. खाणीच्या वरच्या कडेवरचे सैल दगड पाडायला घणकरी चढला होता, ती कड त्याच्यासकट खाली आली. डोकं आतून दुखावलं. शुद्धीवर आला तेव्हा हात हे असले चाळे करत होता. डॉक्टर म्हणाला, हा हात तो हलवत नाही, हात आपला आपण हलतो. चिडला, घाबरला की जास्त हलेल. औषधानं कमी होईल, पण जाईलच असं मी सांगत नाही.

थोरलीनं ओठाचं रक्त पुसलं आणि सांडलेलं अन्न गोळा करायला लागली. "आई, हे 'त्याच्या ताब्यात आहे का' तुम्ही मला लग्न झाल्यापासून ऐकवताय."

"तेव्हाचं वेगळं होतं. तेव्हा त्याला राग यायचा. रागात पुरुषाला भान राहत नाही."

थोरलीनं यावर तोंड उघडलं असतं तर दिवस पुरला नसता, आणि तिला खडी फोडायला जायचं होतं.

खाणीत मोठा दगड फोडायची रीत साधी आहे. दगडावर रेघ मारायची, रेघेवर ओळीनं भोकं पाडायची, भोकांत लोखंडी पाचरी बसवायच्या आणि एकेक करून ठोकत जायचं. दगड त्या रेघेवर उलतो. भोकं पाडायला माणसं दोन लागतात. एक जण उकिडवा बसून छिन्नी उभी धरतो, दुसरा तिच्या डोक्यावर घण घालतो. प्रत्येक घावानंतर धरणाऱ्यानं छिन्नी जराशी फिरवायची, नाहीतर ती भोकात अडकून बसते; फिरवून झाली की 'हं' म्हणायचं. 'हं' आल्याशिवाय घण खाली येत नाही. याला जोडी म्हणतात. कातळाचा पट्टा जोडीलाच मिळतो, आणि पट्ट्याबरोबर खाणीच्या वरच्या अंगाला राहायची खोली.

लग्नापासून थोरलीनं छिन्नी धरली होती. छिन्नीचं डोकं दोन बोटांएवढं. घणकऱ्याचा घाव त्यावर कधी चुकला नाही. ऊन असो, अंगात ताप असो, आदल्या रात्रीची उतरलेली नसो, घण यायचा तो बरोबर मधोमध. शेजारच्या पट्ट्यांवर बायकांची बोटं ठेचली, एकीचं मनगट कायमचं गेलं. थोरलीच्या पंजाला ओरखडा नाही. "नशीब काढलंस गं," बाया म्हणायच्या. तिच्या पाठीवर आणि कानामागे काय होतं ते त्यांना दिसत नव्हतं, किंवा दिसत होतं आणि त्यांच्याही पाठीवर तेच होतं.

तिचा सगळा राग नेमका इथं येऊन अडायचा आणि तो कुणाला समजावून सांगता यायचा नाही. ज्याचा घण दिवसभर दोन बोटं लोखंडावर चुकत नाही, त्याचा हात घरी येऊन चुकून कसा पडतो? भान नव्हतं म्हणे. मग तोंड सोडून पाठीवर कसा पडायचा? गालावर न पडता कानामागे, केसांत झाकेल असाच कसा पडायचा? आणि बोटांना तर त्यानं कधी धक्काही लावला नाही. सकाळी छिन्नी धरायला ती लागायची.

आता खरोखर भान नसलेला हात घरात आला होता, आणि म्हातारीनं त्याला जुनंच पांघरूण घातलं होतं.

खडी फोडणाऱ्या बायका उन्हात ओळीनं बसत. थोरली तिथं पोचली तर मुकादम तिचीच वाट बघत उभा होता. बाजूला धाकटा, तिचा दीर, टोपी काढून पुन्हा घालत होता. त्याला काही बोलायचं असलं की टोपीचे हाल व्हायचे.

"बाई, सरळ सांगतो," मुकादम म्हणाला. "पुलासाठी लांब दगड हवेत, आणि पावसाळ्यात खाणीत पाणी भरलं की सगळंच बंद. तुमचा पट्टा रिकामा पडलाय. तो मी धाकट्याला देतोय."

"वहिनी, घरातच राहतोय ना," धाकटा म्हणाला. "परक्याला थोडाच चाललाय?"

"आणि खोली?"

टोपी निघाली. "खोली म्हणजे… बघू की. तू, दादा आणि आई, आमच्या मागच्या पडवीत झालं. भरपूर जागा आहे."

"पडवीत शेळ्या असतात."

"शेळ्यांचं काय, त्यांना बांधू बाहेर. थंडीत तेवढं आत घ्यावं लागेल."

खडीवाल्या बायकांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. थोरलीनं हातातली हातोडी खाली ठेवली.

"पट्टा जोडीला मिळतो ना? जोडी आहे की."

"कुठाय?" मुकादम म्हणाला. "घण कोण मारणार? पंखा?"

पंखा म्हणजे घणकरी. तो पहिल्यांदा काठी टेकत खाणीवर आला त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, उन्हाचं बरं झालं, पंखा आला. तेव्हापासून लोकांनी ते नाव उचललं होतं. आधी त्याच्या पाठीमागं म्हणायचे, आता समोरच.

"घण मी मारणार," थोरली म्हणाली.

हसणं एवढं मोठं झालं की वरच्या पट्ट्यांवरचे घण थांबले. मुकादमानं डोळे पुसले. "बाई, घण आहे तो. लाटणं नव्हे."

"घण कसा पडतो ते मी रोज खालून बघितलंय. तुम्ही वरून तरी कधी धरलाय का?"

हे मुकादमाला लागलं. लोक हसायचे थांबले होते आणि त्याच्याकडे बघत होते, म्हणून त्याला काहीतरी बोलणं भाग होतं. "बरं. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ये पट्ट्यावर. दुपारच्या भोंग्याच्या आत एक ओळ पाडून दगड उलव. उलला तर पट्टा तुझा. नाही उलला तर धाकट्याचा, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. आणि एक, छिन्नी धरायला माणूस तू आणायचास. माझा माणूस मी बाईच्या घणाखाली बसवणार नाही."

घण दारामागं उभा होता, घणकरी पडला त्या दिवशी कुणीतरी आणून ठेवला तसा. थोरलीनं तो अंगणात आणला. जुनी मोडकी छिन्नी जमिनीत ठोकून ठेवली आणि समोर उभी राहिली. पहिला घाव मातीत गेला. दुसरा छिन्नीच्या कडेला लागून घण तिच्या नडगीवर आला. ती तिथंच खाली बसली, नडगी दाबून धरली, कुणाकुणाला शिव्या घालता येतील त्या मनात घातल्या आणि पुन्हा उठली.

खालून बघणं वेगळं आणि उचलणं वेगळं, हे तिला कळत होतं. पण ते कुणापुढं कबूल करायची तिची तयारी नव्हती. काम करून आलं की संध्याकाळचा उजेड असेपर्यंत ती मारत राहायची. तळव्यांवर फोड आले, फुटले, चिंध्या बांधल्या, चिंध्यांवर रक्त आलं. हात खांद्याच्या वर जाईना. केस विंचरायला मान खाली घालावी लागायची. म्हातारी ओसरीवरून म्हणायची, "नवऱ्याचा घण बाईनं उचलला. आता बघायचं काय राहिलंय?" थोरली म्हणायची, "शेळ्या," आणि मारायची.

घणकरी उंबऱ्यावर बसून बघत असायचा. ती चुकली की त्याचा उजवा हात जास्तच उसळायचा, चौकटीवर आपटून आपटून त्याच्या बोटांची सालं निघाली. एका संध्याकाळी त्याला राहवलं नाही.

"हात सरकू दे," तो म्हणाला. "उजवा. वर नेताना घणाजवळ, खाली आणताना… खाली सरकव. खांद्यानं नको मारू. कमरेनं मार."

तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दोन घाव मुद्दाम आपल्याच पद्धतीनं घातले. मग उजवा हात दांड्यावरून सरकू दिला. घण आपल्या वजनानं खाली आला आणि छिन्नी टणकन वाजली, मधोमध. पुन्हा मारला, पुन्हा मधोमध. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. याला एवढं सगळं ठाऊक होतं, घाव कुठं पडेल, किती जोरानं पडेल, कुठं थांबेल. सगळं ठाऊक होतं आणि घरी आलं की भान नव्हतं.

घाव बसायला लागला, पण खाली बसायला माणूस मिळेना. जिला विचारावं तिचा नवरा नको म्हणायचा. शेवटी धाकटी, तिची जाऊ, नळावर भेटली तेव्हा आपण होऊन म्हणाली, "जाऊबाई, मी बसले असते. मी विचारलंही यांना."

"मग काय म्हणाला धाकटा?"

"म्हणाले, तुझी बोटं गेली तर माझी छिन्नी कोण धरेल."

थोरली हसली. तिला स्वतःलाच ते हसणं ऐकवेना. "तुझ्याही बोटांना जपतो वाटतं," ती म्हणाली. धाकटीनं घागर उचलली आणि कुणाकडं न बघता निघून गेली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी थोरली घणकऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "उद्या छिन्नी तुम्ही धरायची."

मांडीखालचा हात सुटला.

"ह्या हातानं?"

"तो कमरेला बांधू. डावा धड आहे. आता सासरी गेलेली लेक मांडीवर होती तेव्हा मी एका हातानं धरलीय. तुम्हीच तर मारत होता."

"लोक हसतील."

"आत्ता काय रडतायत?"

"मी घणकरी आहे," तो म्हणाला.

"होतात."

म्हातारी आतून बाहेर आली. तिला बोलायचं होतं, पण लेकाच्या तोंडाकडं बघून ती दारातच थांबली. घणकऱ्याची मान खाली गेली होती आणि उजवा हात चौकटीवर धाड धाड बसत होता. तो खाली बघूनच बोलला.

"तू मारशील मला."

"काय?"

"घण घालशील. हातावर, नाहीतर डोक्यात. आणि चुकून पडला म्हणशील. कोण काय म्हणणार? बाईमाणूस, पहिलाच दिवस, सटकला घण."

इतकी वर्षं थोरली जे वेड्यासारखं विचारत आली होती, मनातल्या मनात, भिंतीला, लोखंडाला, त्याचं उत्तर या माणसानं असं न विचारता समोर टाकलं होतं. चुकून म्हणजे काय, ते कसं म्हणायचं असतं, कुणाकडून म्हणवून घ्यायचं असतं, सगळं याला पाठ होतं. तिला वाटलं आत्ताच घण उचलावा. घण हाताशी होता, म्हणून ती अंगणातून निघाली आणि लाकडं फोडायला परड्यात गेली. आठवडाभराची लाकडं तिनं फोडली.

परत आली तेव्हा तो तसाच बसला होता. "शेळ्यांत झोपायचं असेल तर नका बसू," ती म्हणाली. "मी सांगितलं, संपलं."

सकाळी तो तिच्यामागोमाग खाणीत उतरला.

बघायला सगळे आले होते. पलीकडच्या पट्ट्यांवरचे घणकरी घणावर हनुवटी टेकून उभे होते, बायका खडीच्या ढिगावर चढल्या होत्या. थोरलीनं नवऱ्याचा उजवा हात पोटाशी दुमडला आणि रुंद चामडी पट्ट्यानं कमरेला आवळला. पट्ट्याखाली बोटं वळवळत होती.

"चारचौघांत बांधतेस," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो खरंच हळू होता. "जनावरासारखं."

"जनावराला मी जपून बांधते," थोरली म्हणाली.

दगड लांबलचक होता, गुडघाभर उंच. तिनं गेरूनं रेघ मारली. घणकरी त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि डाव्या हातानं छिन्नी रेघेच्या टोकावर उभी धरली. तिनं पाय रोवले, घण उचलला. तो वर बघत होता. घणाकडं, मग तिच्या तोंडाकडं.

"हं म्हणा."

"हं."

घण खाली आला आणि त्याच वेळी त्याचं बोट न् बोट उघडलं. छिन्नी आडवी झाली, घण कोऱ्या दगडावर बसला, झटका तिच्या दातांपर्यंत गेला. वरून हशा आला.

पुन्हा धरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा छिन्नी उडून धाकट्याच्या पायापाशी पडली.

"आता चांगला हातही गेला म्हणायचा," धाकटा म्हणाला, आणि शेजारच्यानं त्याला दाद दिली.

"बाई, पुरे," मुकादम म्हणाला. "हौस झाली ना?"

थोरलीनं ऐकलं नाही. ती बघत होती. उजवा हात पट्ट्याखाली नुसता तडफडत होता, पण पट्टा घट्ट होता, त्याचा काही त्रास नव्हता. सुटत होता तो डावा, धडधाकट, सगळा त्याच्या ताब्यातला. त्याचं काही बिघडलेलं नव्हतं. तो फक्त घाबरला होता.

तिनं घण टेकला, छिन्नी उचलून आणली आणि त्याच्यासमोर वाकली. बोलणं दोघांपुरतंच होतं.

"घणाकडं बघू नका. भोकाकडं बघा, छिन्नीच्या टोकाकडं."

"होत नाही."

"मी कधी वर बघितलेलं आठवतं?"

त्यानं आठवून बघितलं. "नाही."

"वर बघितलं असतं तर तुमचं तोंड दिसलं असतं. रात्री दिसलेलं. मग माझाही हात असाच उघडला असता."

घाम त्याच्या नाकावरून दगडावर टपकत होता.

"एक सांगते, ते नीट ऐका," ती म्हणाली. "माझा घण तुमच्यावर चुकून पडणार नाही. पडला तर मी घातलेला असेल, आणि मी घातला असंच सांगेन. सगळ्यांसमोर सांगेन. चुकून पडला असं कुणाला म्हणू देणार नाही, तुमच्या आईलासुद्धा नाही."

"मग मी बसू कसा?"

"मी बसत होते तसे."

ती सरळ झाली, मागं आली, घण हातात घेतला. घणकरी बराच वेळ छिन्नीकडं बघत होता. मुकादमानं घड्याळ बघितलं आणि धाकट्याकडं वळला. तेवढ्यात घणकऱ्यानं छिन्नी रेघेवर टेकवली आणि मान खाली घातली. त्याच्या मानेचा मागचा भाग उघडा पडला, उन्हानं काळा, मधे हाड.

"हं."

घाव बसला. मधोमध. त्याची मूठ उघडली नाही. त्यानं छिन्नी जराशी फिरवली.

"हं."

मग ते चालू झालं. घाव, फिरवणं, हं. दगडाचं पीठ भोकात साचलं की तो वाकून फुंकर मारायचा, पाणी घालायचा, पुन्हा धरायचा. वर बघत नव्हता. पहिलं भोक झालं तेव्हा बघणारे बोलत होते, पुढच्या भोकांना बोलणं थांबलं, आणि मग एकेक जण आपापल्या पट्ट्याकडं गेला, कारण घणाच्या आवाजात बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. काम चाललं होतं. थोरलीचे जुने फोड पुन्हा फुटले. चिंध्या निसरड्या झाल्या, तेव्हा तिनं त्या काढून हातांना माती चोळली. खांदा जळत होता. प्रत्येक वेळी घण वर गेला की खाली ती मान दिसायची, आणि प्रत्येक वेळी तिला ठरवावं लागायचं. हे कुणाला दिसत नव्हतं. दोघांना माहीत होतं.

ओळ पुरी झाली तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या. तिनं पाचरी बसवल्या आणि एका टोकापासून ठोकत निघाली, हलकेच, सगळ्यांना सारखं. पाचरींचा आवाज चढत गेला. एका फेरीला तो मधेच बदलला, भरीव होता तो पोकळ झाला. घणकऱ्यानं दगडाला कान लावला.

"थांब," तो म्हणाला. "आपलं आपण होऊ दे."

दोघंही थांबली. दगड आतून कुरकुरला आणि रेघेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत उलला. भोंगा अजून व्हायचा होता.

मुकादम आला, फटीत बोटं घालून बघितलं, कड सरळ आली होती. दगड त्याला हवाच होता. "बरं," तो म्हणाला. "पट्टा तुमच्याकडं. नाव मात्र त्याचंच राहील, वर मला विचारतात."

"राहू दे. नाव मारून दगड फुटत नाही."

धाकटा टोपी घालून निघून गेला. धाकटी जरा मागं रेंगाळली, फुटलेल्या दगडाकडं बघून गेली.

थोरलीनं नवऱ्याला पाणी द्यायला कमरेचा पट्टा सैल केला. इतका वेळ आवळलेला हात सुटला तो सगळी कसर काढत सुटला. तिच्या डोळ्याशेजारी कपाळावर बसला. ती मागं कलंडली, दगडाला धरून सावरली. भुवईतून रक्त आलं.

"अरेरे," मुकादम म्हणाला. "बिचारा. त्याला तरी काय कळतंय."

"तेच तर," म्हातारी पुढं झाली. "त्याच्या ताब्यात असतं तर—"

"आई, गप्प बस," घणकरी म्हणाला.

शब्द जड होते, पण खडीवरच्या बायकांपर्यंत पोचले. त्यानं उजवा हात डाव्यानं पकडला, मांडीखाली दाबला, दोनदा निसटला, दोनदा दाबला. मग थोरलीकडं बघितलं, वर, जसं सकाळी बघत होता तसं.

"हा मी नाही मारला," तो म्हणाला. "आधीचे मी मारले. सगळे. मला कळत होतं."

म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. खडी फोडायचं थांबलं होतं. सगळे थोरलीकडं बघत होते. आता ती रडेल, त्याच्याजवळ बसेल, निदान एवढं बोलला म्हणून तिचं तोंड तरी मऊ होईल, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यालाही वाटत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

थोरलीनं भुवईचं रक्त मनगटानं पुसलं. पट्टा उचलला, त्याचा हात पोटाशी घेतला आणि आधीपेक्षा एक भोक आवळून बांधला.

"कळत होतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी तिथंच होते. छिन्नी घ्या."